कालचे सहा, आजचे चौदा: साथीतल्या मृत्यूंचं गणित

२०२० च्या उन्हाळ्यात संध्याकाळ उलटली की राज्याच्या आरोग्य विभागाचं पत्रक व्हॉट्सॲपवर फिरू लागायचं. मुंबईच्या खाली एकेक ओळ असायची: ठाणे, ठाणे मनपा, नवी मुंबई मनपा, कल्याण डोंबिवली मनपा, उल्हासनगर मनपा, भिवंडी निजामपूर मनपा, मीरा भाईंदर मनपा. खारघर-कामोठ्याची मंडळी नवी मुंबईच्या ओळीत स्वतःला शोधायची. प्रत्यक्षात ती मोजली जात पनवेल मनपात, म्हणजे रायगडच्या खात्यावर. प्रत्येक ओळीपुढे बाधितांचा आणि मृत्यूंचा आकडा. समजा काल सहा मृत्यू होते आणि आज चौदा दिसले, की सोसायटीच्या ग्रुपवर ‘आता हाताबाहेर गेलं’ असा सूर लागायचा. दोन दिवसांनी पाच दिसले की तीच माणसं ‘उतरली लाट’ म्हणायची.

दोन्ही निष्कर्षांना फारसा आधार नसायचा. एका दिवसाच्या आकड्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: साथीचा खरा जोर आणि निव्वळ योगायोग. जोर तोच राहिला तरी आकडा रोज वरखाली होणारच. प्रश्न एवढाच की किती वरखाली झाला म्हणजे योगायोग, आणि कितीच्या पुढे काळजीचं कारण? याचं उत्तर अंदाजपंचे द्यावं लागत नाही. संख्याशास्त्रात त्यासाठी संभाव्यता वितरण वापरतात. नाव जड आहे, पण वितरण म्हणजे फक्त एक यादी: कोणता आकडा शंभरातून किती वेळा यावा याची. अडचण पुढे आहे. कोणत्या प्रश्नाला कोणती यादी लावायची, हे चुकलं की उत्तर थोडंथोडकं नाही, भलतंच चुकतं.

मोजणीसाठी सर्वात साधं वितरण पॉयसनचं. सिमेओं पॉयसन या फ्रेंच गणितज्ञानं ते १८३७ मध्ये मांडलं, पण ते गाजलं घोड्यांमुळे. लाडिस्लाउस बोर्टकिएविच यानं १८९८ मध्ये प्रशियाच्या सैन्यात घोड्याची लाथ बसून मेलेल्या सैनिकांच्या नोंदी अभ्यासल्या. त्यातल्या दहा कोअरची (कोअर म्हणजे सैन्याची मोठी तुकडी) वीस वर्षांची आकडेवारी आजही वर्गात शिकवतात. नोंदी २००, मृत्यू १२२, म्हणजे कोअरमागे वर्षाला सरासरी ०.६१. एवढी एकच सरासरी हाती धरून पॉयसनचं सूत्र सांगतं की २०० पैकी सुमारे १०९ नोंदींमध्ये एकही मृत्यू नसावा, ६६ मध्ये एक असावा, २० मध्ये दोन. प्रत्यक्ष नोंदी होत्या १०९, ६५ आणि २२. एखाद्या कोअरमध्ये एका वर्षी चार जण गेले, तेव्हा तिथल्या सेनापतीला घोडे माजल्यासारखे वाटले असतील. पण दोनशे नोंदींत असं एकदा होणं सूत्राच्या हिशेबात बसतं.

आता ठाण्याकडे येऊ. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८.४ लाख होती. हिशेबापुरतं धरू की साथीत दर दहा लाखांमागे रोज पाच मृत्यू होतात. म्हणजे ठाण्यात रोज सरासरी नऊ. पॉयसन वितरणाची गंमत अशी की सरासरी कळली की चढउतारही कळतो. सरासरीचं वर्गमूळ काढायचं, ते प्रमाण विचलन, म्हणजे आकडा सरासरीपासून साधारण किती दूर जातो ते माप. नऊचं वर्गमूळ तीन. सविस्तर आकडेमोड केली तर शंभरातले पंचाण्णव-शहाण्णव दिवस आकडा चार ते पंधराच्या दरम्यान पडेल. म्हणजे काल सहा आणि आज चौदा, यात साथीबद्दल नवीन काहीही कळलेलं नाही. दोन्ही आकडे ‘सरासरी नऊ’ या एकाच परिस्थितीतून सहज येतात.

हेच उल्हासनगरला लावून पाहा. तिथली २०११ ची लोकसंख्या सुमारे पाच लाख. दर तोच, म्हणून रोजची सरासरी अडीच, आणि प्रमाण विचलन जवळपास १.६. ठाण्यात चढउतार सरासरीच्या एक तृतीयांश, उल्हासनगरात जवळजवळ दोन तृतीयांश. त्यामुळे ‘आज सर्वाधिक मृत्युदर कुठे’ अशी क्रमवारी लावली तर लहान शहरं कधी सगळ्यात वर तर कधी सगळ्यात खाली दिसणार, आणि मोठी मध्ये कुठेतरी. त्यात लहान शहरातल्या डॉक्टरांचा ना दोष, ना कौतुक. जिल्हावार किंवा प्रभागवार याद्या वाचताना मी तरी आधी लोकसंख्या बघतो, मग दर. सात दिवसांची सरासरी घेण्यामागेही हेच कारण असतं: सात दिवस एकत्र केले की योगायोगाचा चढउतार सातच्या वर्गमूळानं, म्हणजे सुमारे २.६ पटीनं कमी होतो.

इथवर सगळं सरळ आहे. पण पॉयसनच्या दोन अटी आहेत: प्रत्येक मृत्यू दुसऱ्यापासून स्वतंत्र हवा, आणि सरासरी रोज तीच हवी. घोड्यांच्या लाथांना हे ठीक. साथीत मात्र एकाच घरातली आजी, आजोबा आणि काका पाठोपाठ दगावतात. एखाद्या वृद्धाश्रमात आजार शिरला की आठवड्यात पाच जण जातात. रविवारी नोंदी तुंबतात आणि सोमवार-मंगळवारी एकदम चढतात. मृत्यू झुबक्यांनी येतात, सुटेसुटे येत नाहीत. अशा वेळी पॉयसन वापरणं म्हणजे जग आहे त्यापेक्षा शांत आहे असं मानणं.

यावरचा उपाय १९२० चा. मेजर ग्रीनवुड (मेजर हे त्यांचं नाव, हुद्दा नव्हे) आणि अडनी यूल यांनी पहिल्या महायुद्धातल्या दारूगोळा कारखान्यांतल्या कामगार स्त्रियांचे अपघात अभ्यासले. काही जणींना वारंवार अपघात होत होते, बऱ्याच जणींना एकही नाही, आणि पॉयसनचं सूत्र बसेना. त्यांनी असं मानलं की प्रत्येकीची स्वतःची सरासरी वेगळी आहे. सरासरीच हलती धरली की जे वितरण तयार होतं, त्याला निगेटिव्ह बायनोमिअल म्हणतात. त्यात सरासरीशिवाय आणखी एक आकडा असतो, तो ‘झुबके किती’ हे सांगतो. २०२० मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटानं युरोपातल्या ११ देशांचे रोजचे मृत्यू अभ्यासले, तेव्हा त्यांनीही पॉयसन सोडून हेच वितरण घेतलं होतं.

हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. तो किरकोळ नाही हे दाखवायला आपल्याच ठाण्याचा हिशेब पुढे नेतो. सरासरी दोन्हीकडे नऊच ठेवली. निगेटिव्ह बायनोमिअलमध्ये झुबक्यांचा आकडा असा घेतला की प्रमाण विचलन तीनऐवजी सहा व्हावं. आता विचारू: एका दिवसात वीस किंवा जास्त मृत्यू किती वेळा होतील? पॉयसन म्हणतो, हजारातून एखादा दिवस, म्हणजे अडीच वर्षांतून एकदा. निगेटिव्ह बायनोमिअल म्हणतं, शंभरातले सहा दिवस, म्हणजे सोळा-सतरा दिवसांतून एकदा. दुसरं टोकही पाहा. ‘आज एकही मृत्यू नाही’ असा दिवस पॉयसनच्या हिशेबात बावीस वर्षांतून एकदा येईल, तर दुसऱ्याच्या हिशेबात चौसष्ट दिवसांतून एकदा. सरासरी तीच, शहर तेच. स्मशानभूमीत किती जण ड्युटीवर ठेवायचे, शववाहिका किती लागतील, अतिदक्षता विभागात किती खाटा राखून ठेवायच्या, हे सरासरीवर ठरत नाही. ते ठरतं या वाईट टोकावर. आणि शून्य मृत्यूंचा पहिला दिवस उजाडल्यावर मथळे सजवणाऱ्यांनी दुसऱ्या टोकाचा आकडाही ध्यानात ठेवायला हरकत नव्हती.

आता वेळेचा प्रश्न. ठाण्यातल्या बाळकुमच्या कोविड रुग्णालयात एखाद्या दिवशी झालेला मृत्यू हा त्याच दिवशीच्या संसर्गाचा नसायचा. ग्लोबल हबमध्ये ते १०२४ खाटांचं रुग्णालय जून २०२० मध्ये सुरू झालं, तेव्हा तिथे पहिल्या आठवड्यात दाखल झालेल्यांना बाधा झाली होती ती त्याच्या कितीतरी आधी. चीनमधल्या सुरुवातीच्या रुग्णांवरून काढलेला अंदाज असा होता की लक्षणं दिसल्यापासून मृत्यूपर्यंत सरासरी १७.८ दिवस जातात. संसर्गापासून लक्षणांपर्यंतचे पाचेक दिवस त्यात मिळवले की होतात तेवीस. पण या सरासरीवर थांबायचं नाही, कारण कोणी आठव्या दिवशी जातो तर कोणी चाळिसाव्या.

हा पसारा कसा असतो ते घोडबंदर रोडवर रोज ये-जा करणाऱ्याला सांगायची गरज नाही. कासारवडवलीहून तीन हात नाक्याला रस्ता कितीही रिकामा असला तरी अमुक वेळ लागतोच, त्याच्या खाली कोणी येऊ शकत नाही. बहुतेक दिवस त्याच्या थोडं वर. आणि एखाद्या दिवशी कापूरबावडीला ट्रक बंद पडतो, किंवा मेट्रोच्या गर्डरसाठी रस्ता वळवतात, आणि दीड-दोन तास जातात. डावीकडे भिंत, उजवीकडे लांबच लांब शेपूट. घंटेच्या आकाराचं नॉर्मल वितरण इथे चालत नाही, कारण ते दोन्ही बाजूंना सारखं पसरतं आणि वेळ चक्क उणे येण्याचीही शक्यता ठेवतं. अशा ठिकाणी याच एकांगी आकाराचं गॅमा वितरण किंवा लॉगनॉर्मल वितरण वापरतात. मृत्यूपर्यंतच्या कालावधीला साधारण १७.८ दिवसांची सरासरी आणि ८ दिवसांचं प्रमाण विचलन असलेला गॅमा बऱ्यापैकी बसला होता.

याचा उपयोग काय, तर ‘मृत्युदर’ नावाच्या एका फसव्या आकड्याला ओळखणं. पत्रकात रोज एक टक्केवारी असायची: एकूण मृत्यू भागिले एकूण बाधित. समजा लक्षणं दिसतील त्याच दिवशी रुग्णाची नोंद होते आणि शंभर रुग्णांपैकी खरोखर दोन दगावतात. साथ चढती आहे, दर सात दिवसांनी रुग्ण दुप्पट होतायत. आज नोंदलेल्यांपैकी जे जाणार आहेत ते अजून जिवंत आहेत, म्हणून भागाकारात मृत्यू जुने आणि रुग्ण ताजे येतात. वरचा गॅमा लावून हिशेब केला तर पत्रकात दोन टक्क्यांऐवजी ०.४४ टक्के दिसेल. सगळे बरोबर १७.८ व्या दिवशीच जातात असं धरलं, म्हणजे पसारा विसरून फक्त सरासरी घेतली, तर उत्तर येतं ०.३४. लवकर जाणारे थोडेसे लोक हा फरक पाडतात.

लाट उतरताना खेळ उलटा होतो. रुग्ण दर चौदा दिवसांनी निम्मे होत असतील तर त्या दिवसाचे मृत्यू भागिले त्या दिवसाचे रुग्ण हा आकडा ५.३ टक्के दिसेल. आजार तोच, औषधं तीच, खरा दर दोनच टक्के. तरी चढताना ‘साधा सर्दी-खोकला’ आणि उतरताना ‘विषाणू बदललाय, जीवघेणा झालाय’ असं लोक म्हणत राहिले. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत देशातल्या रोजच्या रुग्णांचा कळस आला ७ मेच्या पत्रकात, ४ लाख १४ हजारांवर. मृत्यूंचा तोवरचा उच्चांक, ४५२९, आला १९ मेला. मधल्या बारा दिवसांत रुग्ण कमी होत होते आणि मृत्यू वाढत होते.

त्यात नोंदीचा उशीर वेगळाच. १६ जून २०२० ला महाराष्ट्रानं जुन्या नोंदींची पडताळणी करून १३२८ मृत्यू एकदम यादीत घातले. त्यातले ८६२ मुंबईचे, बाकीचे ४६६ इतर जिल्ह्यांचे. आलेख काढला तर त्या दिवशी एक सुळका दिसतो, पण त्या दिवशी काही तेवढी माणसं गेली नव्हती. पुढच्या वर्षी १० जूनला देशाचा आकडा ६१४८ वर गेला, कारण बिहारनं सुमारे चार हजार जुने मृत्यू जोडले. मृत्यूच्या तारखेनं आलेख काढला तर सुळके जातात, मात्र शेवटचे दहा-पंधरा दिवस नेहमी उतरते दिसतात, कारण अजून नोंदी यायच्या असतात. त्या खोट्या उतारात किती भर पडेल हे सांगायला पुन्हा उशिराचं वितरणच लागतं.

सगळ्यात मोहक प्रश्न अर्थातच ‘लाट कधी संपणार’ हा. लाटेच्या आकारावरच थेट एखादं वितरण बसवायचं, ही कल्पना जुनी आहे. विल्यम फार यानं १८४० मध्ये इंग्लंडमधल्या देवीच्या साथीतले मृत्यू चढतात-उतरतात ते घंटेच्या वक्रासारखे, असं दाखवलं. पण या गोष्टीचा सर्वात प्रसिद्ध आलेख आपल्या शेजारचा आहे. १९२७ मध्ये कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी साथीच्या गणिताचा पाया घालणारा निबंध लिहिला, आणि उदाहरण घेतलं मुंबई बेटावरच्या प्लेगचं, १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६. आठवड्याचे मृत्यू त्यांच्या वक्रावर झकास बसतात. वक्राचा कळस सतराव्या आठवड्यात, ८९० मृत्यूंवर, आणि आकार लॉजिस्टिक वितरणाचा, तोही घंटेसारखाच. मॅकेंड्रिक स्वतः इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते, त्यामुळे हा देश त्यांना पुस्तकातून माहीत होता असंही नाही.

तरी मला तो आलेख एका वेगळ्याच कारणासाठी आवडतो. त्यांच्या मांडणीत आजार माणसाकडून माणसाला होतो आणि निरोगी माणसं कमी उरली की साथ ओसरते. मुंबईतला प्लेग तसा पसरत नव्हता. तो उंदरांचा आणि पिसवांचा होता, आणि दरवर्षी हिवाळ्याच्या शेवटी चढून उन्हाळा कडक झाला की उतरायचा. मुंबईत बाधा होण्याजोगी माणसं संपली म्हणून लाट उतरली नव्हती. वक्र बसला, कारण चुकलं. ठिपक्यांवरून रेघ सुरेख गेली म्हणजे आतली यंत्रणा कळली असं होत नाही, हे या एका आलेखाइतकं स्वच्छ कुठे दिसत नाही.

२०२० मध्ये याची उजळणी झाली. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आयएचएमई या संस्थेनं सुरुवातीला मृत्यूंच्या लाटेवर घंटेचा वक्र बसवला. तो वक्र जितक्या वेगानं चढतो तितक्याच वेगानं उतरतो. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात त्यांचा अंदाज होता की अमेरिकेत ऑगस्टपर्यंत सुमारे साठ हजार मृत्यू होतील. साठ हजारांचा टप्पा एप्रिल संपायच्या आतच गाठला गेला आणि मेच्या अखेरीस एक लाखाचा. आकडा झपाट्यानं चढला होता, पण उतरताना रेंगाळला. त्यांनी मे महिन्यात पद्धत बदलली. वितरण निवडतानाच उताराचं भाकीत केलं गेलं होतं, आकड्यांनी ते केलंच नव्हतं.

वयाचा मुद्दा थोडक्यात, कारण तो सोपा आहे. बेंजामिन गॉम्पर्ट्झनं १८२५ मध्ये दाखवलं की प्रौढ वयात मृत्यूची शक्यता ठरावीक वर्षांनी दुप्पट होत जाते. कोविडमध्येही हीच तऱ्हा, फक्त आणखी तीव्र. २०२० च्या एका मोठ्या संकलनात बाधितांमधल्या मृत्यूचं प्रमाण २५ व्या वर्षी ०.०१ टक्के, ५५ व्या वर्षी ०.४, ६५ व्या वर्षी १.४ आणि ७५ व्या वर्षी ४.६ टक्के आलं. म्हणजे दहा हजार पंचविशीतले बाधित झाले तर एक मृत्यू, दहा हजार पासष्टीतले झाले तर १४०. त्यामुळे आयटी कंपन्यांत काम करणाऱ्या तरुण जोडप्यांनी भरलेला नवी मुंबईतला एखादा नोड (वसाहत) आणि निवृत्तांनी भरलेली ठाण्याच्या नौपाड्यातली जुनी इमारत यांच्या मृत्युदरांची वय न बघता तुलना करणाऱ्यानं ती न केलेलीच बरी.

शेवटी सर्वात मोठा वाद: एकूण किती माणसं गेली? कोविड म्हणून न नोंदलेले मृत्यू मोजण्याची पद्धत अशी की साथ नसती तर किती मृत्यू झाले असते याचा अंदाज बांधायचा आणि प्रत्यक्ष मृत्यूंतून तो वजा करायचा. तो अंदाजही एक आकडा नसतो, वितरण असतं, कारण साथ नसतानाही मृत्यू दरवर्षी थोडे हलतात. म्हणून वजाबाकीही पल्ल्यात येते. जागतिक आरोग्य संघटनेनं ५ मे २०२२ ला २०२० आणि २०२१ या दोन वर्षांसाठी जगभरात १ कोटी ४९ लाख अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज दिला, पल्ला १ कोटी ३३ लाख ते १ कोटी ६६ लाख. त्यात भारताचे ४७ लाख. अधिकृत नोंद होती ४ लाख ८१ हजार.

भारत सरकारनं जोरदार हरकत घेतली. म्हणणं असं की आमच्याकडे जन्म-मृत्यू नोंदणीचे खरे आकडे असताना गणिती प्रारूप (मॉडेल) कशाला? दोनच दिवस आधी सरकारनं २०२० ची नोंदणी जाहीर केली होती: ८१ लाख मृत्यू, आदल्या वर्षी ७६ लाख. प्रारूपावर शंका घेणं गैर नाही, प्लेगच्या आलेखानं ते आपल्याला शिकवलंच आहे. पण २०२० मध्ये दुसरी लाट यायची होती. २०२१ ची नोंदणी जाहीर झाली ती २०२५ मध्ये, आणि त्यात मृत्यू होते १ कोटी २ लाख. यातली काही वाढ नोंदणी सुधारल्याची असणार, सगळी साथीची धरता येणार नाही. संघटनेनं भारतासाठी दिलेला पल्लाही चांगला रुंद होता, ३३ लाख ते ६५ लाख. बातम्यांत भांडण झालं ते फक्त मधल्या ४७ लाखांच्या आकड्यावर. पल्ल्याचं खालचं टोक, जे सरकारच्या बाजूनं सर्वात सौम्य होतं, तेही अधिकृत आकड्याच्या जवळपास सातपट होतं.